हाती न आलेल्या पगारावर कर?

"नोटिशीचे पैसे कंपनीने कापले, तो तुमचा आणि कंपनीचा मामला. पगार तर झाला होता ना? मग कर भरा." नोटीस पिरियड पूर्ण न करता नोकरी बदललेल्या माणसाला करसल्लागाराच्या टेबलापलीकडून हे उत्तर हमखास ऐकावं लागतं. सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की ऐकणारा मुकाट रिटर्न भरून मोकळा होतो. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अर्धवट आणि न्यायाच्या दृष्टीने चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळला या वादाशी काय देणंघेणं, असं कुणी विचारील. देणंघेणं आहे. धानाच्या बांध्यांवर वाढलेल्या घरांतली पोरं-पोरी आज नागपूरच्या मिहानमध्ये, पुण्याच्या हिंजवडीत, हैदराबादेत नोकरी करतात. नव्या कंपनीला माणूस महिन्याभरात हवा असतो आणि जुन्या कंपनीच्या करारात तीन महिन्यांची नोटीस लिहिलेली असते. मधल्या दोन महिन्यांचा पगार 'फुल अँड फायनल'मध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात, वळता होतो. घरी आईबापाला एवढंच कळतं की यंदा हिशेबातून बरेच पैसे गेले. त्या गेलेल्या पैशांवर करही भरला गेला, हे पुष्कळदा खुद्द पोरालाही कळत नाही, कारण फॉर्म १६ वर कापण्याआधीचा पूर्ण पगार छापून आलेला असतो.

आधी जे मान्य आहे ते मान्य करतो. नोटिशीचे पैसे दोन दिशांनी जातात. कंपनीने माणसाला तडकाफडकी घरी पाठवलं आणि नोटिशीऐवजी एक किंवा तीन महिन्यांचा पगार हातात ठेवला, तर तो पैसा करपात्र आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १७(३) अशा रकमेला 'पगाराच्या बदल्यातला लाभ' मानतं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही कलम १८ मध्ये तीच तरतूद आहे. यावर माझी तक्रार नाही. नोकरी गेल्याचं दुःख खरं असलं, तरी खात्यात आलेला पैसा हे उत्पन्नच आहे.

इथेही कायदा फार उदार नाही, एवढं नोंदवून ठेवतो. कामगार-कपातीच्या भरपाईला ५ लाखांपर्यंत करमाफी आहे. पण ती माफी मोजली जाते औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफ मधल्या (ब) पोटकलमाने, म्हणजे सेवेच्या दरवर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराने. नोटिशीऐवजीचा महिन्याचा पगार त्याच कलमाच्या (अ) मध्ये आहे, म्हणून तो माफीच्या हिशेबात येतच नाही. आणि ५ लाखांची ही मर्यादा १९९७ पासूनची आहे. खासगी नोकरीतल्या रजेच्या पैशांची मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली, कपात झालेल्या कामगाराची मात्र जागची हलली नाही. तरीही तत्त्व मान्य: आलेल्या पैशावर कर.

मग त्याच तत्त्वाची दुसरी बाजूही मान्य व्हायला हवी: गेलेल्या पैशावर कर नाही. कंपनी देते तेव्हा 'हा पगारच' आणि माणूस देतो तेव्हा 'हा तुमचा खासगी व्यवहार', असं दोन तोंडांनी बोलता येणार नाही. करखात्याची बाजू मांडणारे इथे पाच मुद्दे पुढे करतात. ते क्रमाने घेतो.

पहिला मुद्दा: पगारावरचा कर पगार 'देय' झाला की लागतो, तो हातात पडला की नाही याला महत्त्व नाही. कलम १५ तसं म्हणतं, हे खरं. काम केलं, पगार देय झाला, मग त्यातून कंपनीने आपली वसुली केली. ही वसुली म्हणजे मिळालेल्या उत्पन्नाचा खर्च, असा हा युक्तिवाद. त्याच्या पाठीशी सर्वोच्च न्यायालयाचा १९६० चा सीतलदास तीरथदास निकाल उभा केला जातो. मुंबईच्या त्या गृहस्थाला न्यायालयाच्या हुकुमान्वये पत्नी आणि मुलांना पोटगी द्यावी लागत होती, ती उत्पन्नातून वजा करून मागितली होती. न्यायालयाने नकार दिला. पैसा तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्याच्या हक्काने वळला असेल तर ते तुमचं उत्पन्न नाही. पोहोचल्यावर तुम्ही तो दिला असेल तर तो उत्पन्नाचा विनियोग, अशी रेघ तिथे आखली गेली.

हा निकाल लिहिला न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी. ज्या नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत पूर्वी आमचा भंडारा जिल्हा होता, त्याचे ते मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. पण १९६२ मध्ये त्यांनीच लिहिलेला दुसरा निकाल ही मंडळी सांगत नाहीत. तो शूरजी वल्लभदास आणि कंपनीचा. या मुंबईच्या पेढीला जहाज कंपन्यांच्या मालवाहतुकीवर दहा टक्के दलाली मिळायची. वह्यांत त्या दराने जमा धरली गेली, पण दलाली अडीच टक्क्यांवर आणण्याचं ठरलं आणि उरलेली रक्कम सोडून देण्यात आली. खातं म्हणालं, वहीत जमा आहे, कर द्या. न्यायालयाने सांगितलं की कर हा उत्पन्नावर असतो. ते उपजलं कधी किंवा मिळालं कधी, हे फक्त कर कोणत्या वेळी लावायचा ते ठरवतं. उत्पन्नच झालं नसेल, तर वहीतल्या नोंदीने ते निर्माण होत नाही.

नोटिशीची वसुली या दोन्हींपैकी कोणत्या बाजूला पडते? पोटगी देणाऱ्या माणसाला मिळणाऱ्या घरभाड्याशी त्याच्या पोटगीचा काही संबंध नव्हता. भाडं देणारा वेगळा, पोटगी घेणारा वेगळा. नोटिशीच्या वसुलीत देणारा आणि कापणारा एकच, करार एकच, आणि ज्या करारातून पगार उगवतो त्याच करारात कापण्याचं कलम आहे. धान खरेदी केंद्रावर ओलाव्यापोटी वजनात घट धरली की शेतकऱ्याला उरलेल्या वजनाचेच पैसे मिळतात. घट धरलेल्या धानाचे पैसेही 'देय झाले होते' असं कोणी म्हणत नाही. पगाराचा हिशेबही कराराच्या अटींसकटच व्हायला हवा. शेवटच्या हिशेबात जे द्यायचं ठरतं, तेच देय.

दुसरा मुद्दा: १९६१ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये पगारातून वजा करायच्या गोष्टींची यादी आहे, त्यात नोटीस पे नाही. यादीत आहे प्रमाणित वजावट, सरकारी नोकरांचा करमणूक भत्ता आणि व्यवसाय कर. म्हणजे महाराष्ट्र सरकार वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर घेतं तो जुन्या करप्रणालीत वजा होतो, आणि नोकरी सोडताना गेलेले दोन-तीन लाख वजा होत नाहीत. ही विसंगती क्षणभर बाजूला ठेवली, तरी युक्तिवाद लंगडाच आहे. वजावटीचा प्रश्न येतो उत्पन्न ठरल्यावर. इथे वाद त्याच्या आधीच्या पायरीवर आहे: मुळात पगार किती मिळाला? आयकर अपील न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये नेमकं हेच धरलं. नोटीस न दिल्याबद्दल मालकांनी कापलेली रक्कम त्या कर्मचाऱ्याला मिळालीच नव्हती, म्हणून प्रत्यक्ष मिळालेल्या पगारावरच कर, असा तो निर्णय. न्यायाधिकरणाचा निर्णय हा देशभरचा कायदा होत नाही, हे कबूल. पण कर लावणाऱ्या तरतुदीचे दोन सरळ अर्थ निघत असतील तर करदात्याच्या बाजूचा घ्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निकालात सांगून ठेवलं आहे.

या युक्तिवादाची मर्यादाही सांगतो. पगारातून रक्कम कापली गेली तिथे तो भक्कम आहे. शेवटचा पगार पुरला नाही म्हणून माणसाने स्वतःच्या खात्यातून कंपनीला पैसे भरले, तेही पुढच्या आर्थिक वर्षात, तिथे तो पातळ पडतो. न्यायाने दोन्ही प्रकार एकच. कायद्याच्या भाषेत मात्र दुसऱ्याला स्वतंत्र वजावट लागते. २०२५ चा कायदा लिहिताना ती देण्याची संधी होती. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, कामगार-कपातीची भरपाई हे सगळं नव्या कलम १९ मध्ये एकत्र मांडलं गेलं. नोटिशीपोटी परत केलेल्या पैशांसाठी त्यात एक ओळ घालावी, असं कुणाला वाटलं नाही.

तिसरा मुद्दा नैतिकतेचा आव आणून येतो: नोकरी तुम्हीच सोडली, करार तुम्हीच मोडला, मग भोगा. पण नोटिशीऐवजी पैसे भरणं म्हणजे करार मोडणं नव्हेच. 'तीन महिने काम करा किंवा तीन महिन्यांचा पगार द्या' असं करारच म्हणतो. दुसरा पर्याय निवडणारा करार पाळतोच आहे. शिवाय ही अट दर वेळी कंपनीच घालते असंही नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे. कायम शिक्षकाने राजीनाम्याआधी तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एका महिन्याची नोटीस द्यावी, लवकर जायचं तर तेवढा पगार भरावा, असं तिच्यात लिहिलं आहे. अड्याळसारख्या गावांत पगारदार म्हटलं की आधी शाळामास्तरच आठवतात. खासगी शाळा सोडून जिल्हा परिषदेत लागलेल्या गुरुजींनी हा महिन्याचा पगार सरकारी नियमाने भरायचा, आणि त्यावरचा करही सरकारलाच द्यायचा? राज्याने पैसे भरायला लावायचे आणि केंद्राने ते मिळालेच असं धरायचं, यात भोगण्यासारखा गुन्हा कोणता घडला?

या 'भोगा'वाल्यांना सरकारच्याच दुसऱ्या हाताने उत्तर दिलेलं आहे. जीएसटी आल्यावर प्रश्न निघाला की नोटीस पे कापून कंपनी कर्मचाऱ्याला 'लवकर जाऊ देण्याची सेवा' देते का? त्यावर जीएसटी लागतो, असे अग्रिम निर्णय गुजरात आणि मध्य प्रदेशात आले. त्याआधी २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने जुन्या सेवा कराच्या संदर्भात उलट निकाल दिला होता. अखेर ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकाने केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने पडदा टाकला: अशी वसुली ही कर्मचाऱ्यांनी मध्येच सोडून जाऊ नये म्हणून ठेवलेला दंड आहे, तिच्या बदल्यात कर्मचाऱ्याला काहीही मिळत नाही, म्हणून कर नाही. एकाच अर्थ मंत्रालयाच्या एकाच महसूल विभागात दोन मंडळं आहेत. एक लेखी सांगतं की या माणसाला काहीही मिळालं नाही. दुसरं त्याच माणसाकडून त्याच पैशावर आयकर घेतं. २०२२ मध्ये उद्योगांची अडचण होती, परिपत्रक निघालं. नोकरदाराची अडचण तशीच पडून आहे.

चौथा मुद्दा: सूट दिली तर पळवाट होईल, कंपनी आणि कर्मचारी संगनमताने पगार 'कापलेला' दाखवतील. ही भीती हिशेब न मांडता घातलेली आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेले पैसे कंपनीच्या वहीत एकतर पगाराचा खर्च कमी करतात किंवा इतर उत्पन्न म्हणून जमा होतात. दोन्ही वाटांनी कंपनीचा नफा तेवढ्याने वाढतो आणि त्यावर कंपनी कर भरते. म्हणजे आज त्याच रुपयावर कर्मचारीही कर भरतो आणि कंपनीही. सूट दिल्याने सरकारचा हक्काचा एक रुपया बुडत नाही. दोनदा घेतलेला कर एकदा होतो, इतकंच. आणि खोटेपणा पकडायला टीडीएसची विवरणपत्रं, कंपनीचा पॅन, राजीनाम्याचं मंजुरीपत्र सगळं हाताशी आहे.

दुहेरीवर हे थांबत नाही, तिसरी पाळीही येते. नवी कंपनी पुष्कळदा सांगते, तुमच्या नोटिशीचे पैसे आम्ही भरतो. याला बायआउट म्हणतात. २००१ च्या वित्त अधिनियमाने कलम १७(३) मध्ये असं घातलं की नोकरीवर रुजू होण्याआधी किंवा सोडल्यानंतर त्या मालकाकडून मिळालेली रक्कम पगारच धरायची. म्हणून बायआउटचे पैसेही करपात्र. आता हिशेब पाहा, आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, नव्या करप्रणालीच्या दरांनी. दोन्ही नोकऱ्यांचा मिळून पगार १८ लाख, नोटिशीपोटी कापले ३ लाख. प्रत्यक्ष हाती आले १५ लाख. प्रमाणित वजावट काढून त्यावर उपकरासह कर व्हायला हवा ९७,५०० रुपये. पण १८ लाख धरून मागतात १,५०,८००. म्हणजे ३ लाख गेले ते गेलेच, वर ५३,३०० गेले. आता नव्या कंपनीने ते ३ लाख भरून दिले असं समजा. माणसाच्या हाती पुन्हा १८ लाखच, त्यावर कर १,५०,८००. खात्याच्या लेखी मात्र उत्पन्न २१ लाख आणि कर २,१४,५००. एका हाताने दिलेले आणि दुसऱ्या हाताने भरून मिळालेले पैसे, आणि त्या व्यवहाराची शिक्षा ६३,७०० रुपये.

पाचवा मुद्दा सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत फसवा: आता १२ लाखांपर्यंत करच नाही, मग ही रड कुणाची? अड्याळकडच्या बहुतेक पगारदारांना कर लागत नाही, हे खरं आहे. पण नेमक्या त्या उंबरठ्यावर असलेल्यालाच हा नियम सर्वांत जोरात आपटतो. वर्षाचा पगार १४ लाख, नोटिशीपोटी कापले दीड लाख, म्हणजे साधारण सव्वा महिन्याचा पगार. हाती आले साडेबारा लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली की करपात्र उरतात ११ लाख ७५ हजार, आणि कर शून्य. खात्याच्या हिशेबाने मात्र उत्पन्न १३ लाख २५ हजार आणि कर ८१,९०० रुपये. दीड लाख आधीच गमावलेल्या माणसाकडून, जो खऱ्या हिशेबाने एक पैसाही देणं लागत नाही, त्याच्याकडून ८१,९०० रुपये. सवलतीचा उंबरठा वर नेला म्हणून प्रश्न संपला नाही. उंबरठ्यावर तो अधिक धारदार झाला.

जगात सगळीकडे असंच चालतं, ही पळवाटही बंद करतो. ब्रिटनने ६ एप्रिल २०१८ पासून नोटिशीऐवजीच्या पगारावर पूर्ण कर लावला. त्याआधी काही प्रकरणांत तो पैसा ३० हजार पौंडांच्या माफीत बसायचा. पण त्याच देशाच्या वरिष्ठ करन्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दुसरी बाजूही सांभाळली होती. एका कर्मचाऱ्याला पाच वर्षं राहण्याच्या अटीवर अडीच लाख पौंड बोनस मिळाला होता. मुदतीआधी सोडताना त्यातले १,६२,५०० पौंड त्याला परत करावे लागले. ती परतफेड म्हणजे 'उणे कमाई' आहे आणि ती हिशेबात धरली पाहिजे, असा निर्णय झाला. घेताना कमाई, तर परत देताना उणे कमाई. आमच्याकडे पहिलं वाक्य कायद्यात लिहिलं आहे, दुसरं लिहायचं राहिलं आहे.

'न्यायालयाची दारं उघडी आहेत, लढा' असा सल्लाही मिळतो. आयकर आयुक्तांकडच्या अपिलाची फी १,००० रुपये. तिथे हरल्यास न्यायाधिकरणात दहा लाखांवर उत्पन्न असलेल्याला १०,००० रुपये, वकिलाची किंवा सीएची फी वेगळी. पन्नास हजारांच्या करासाठी कोण लढणार? म्हणूनच हा चुकीचा नियम टिकून आहे. रकमा लढण्याइतक्या मोठ्या नाहीत आणि भरणाऱ्याला विसरता येण्याइतक्या लहानही नाहीत.

म्हणून मागणी दोन ओळींची आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२२ च्या जीएसटी परिपत्रकासारखं परिपत्रक काढावं: नोटिशीपोटी पगारातून कापलेली रक्कम पगाराच्या उत्पन्नात धरू नये आणि फॉर्म १६ मध्ये ती वजा करूनच पगार दाखवावा. आणि संसदेने २०२५ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये एक नोंद वाढवावी: नोटिशीऐवजी मालकाला परत केलेली रक्कम, ज्या वर्षी दिली त्या वर्षी वजा. पैसे कापून घेणाऱ्याकडून कर मिळतोच आहे. गमावणाऱ्याला सोडायला तिजोरीतून काही काढावं लागत नाही.

तोवर नोकरी बदलणाऱ्यांनी एवढं करावं. फुल अँड फायनलचा कागद आणि राजीनामा मंजुरीचं पत्र जपून ठेवा. वसुली वजा करून फॉर्म १६ द्यावा, अशी लेखी मागणी कंपनीकडे हिशेब होण्याआधीच करा. रिटर्नमध्ये हाती आलेला पगार दाखवायचा असेल तर अहमदाबाद खंडपीठाच्या निर्णयाचा आधार आणि कागद तयार ठेवूनच दाखवा. फॉर्म १६ शी आकडा जुळणार नाही, खुलासा मागितला जाऊ शकतो, आणि तो देण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि सल्लागाराने 'पगार तर झाला होता ना' असं म्हटलं, तर त्याला विचारा: झाला होता, तर कुणाच्या खात्यात आहे?